वानराचं सुतक, अळ्यांचा पाला

गावाचं नाव सांगत नाही. वालूरपासून फार लांब नाही, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथली माणसं म्हणतील, आमच्या भक्तीची टिंगल केली. टिंगल कशाला करायची? भक्ती खरीच होती. फक्त ती कुणाच्या रानात उगवली आणि कुणाच्या रानात कापली गेली, एवढंच पाहायचं.

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला सविता शेडमध्ये अळ्यांना तुतीच्या फांद्या पांघरत होती. दोन लांब रॅक, एकेका रॅकला पाच कप्पे, आणि कप्प्याकप्प्यावर मिळून ऐंशी हजार रेशमाच्या अळ्या. करंगळीएवढ्या, पांढऱ्या, शेवटच्या अवस्थेचा चौथा दिवस. अळीच्या आयुष्यातलं खरं खाणं म्हणजे हा शेवटचा आठवडा. आधीचे दिवस ती नुसती चव घेते. ह्या आठवड्यात जेवते. पोटभर जेवली तर कोष जाड, अर्धपोटी राहिली तर कोष पातळ, आणि दोन दिवस उपाशी ठेवली तर कोषच नाही. दिवसाला तीन वेळा पाला. सविताच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्या सोळा वर्षांत नवऱ्याला तिनं कधी इतक्या वेळेवर वाढलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरच्या डीपीवर धाडकन आवाज झाला आणि शेडमधला पंखा बंद पडला. सविता म्हणाली, गेला फ्यूज. हात पाल्यात होते. ती बाहेर गेली नाही. हीच तिची चूक, असं गाव पुढं म्हणालं. गावाला दुसऱ्याची चूक लवकर सापडते.

तासा-दीड तासानं ती बाहेर आली तर तिच्या तुतीत चाळीस माणसं उभी. चाळीसही अनवाणी, आणि पायात चप्पल असलेली ती एकटी. तुतीच्या पहिल्या ओळीखाली एक भला मोठा काळतोंड्या वानर आडवा पडला होता. टोळीतला हुप्प्या. डीपीवर चढला आणि तारेला चिकटला; लाईनमन येऊन त्याला काढूनही गेला होता. अंगावर गुलाल, गळ्यात झेंडूचा हार, डोक्याखाली कोरा टॉवेल. टॉवेलाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. जिवंतपणी त्या जनावरानं फक्त माणसाच्या हातातला दगड पाहिला होता.

मधोमध किशनराव उभे होते. सविताचे चुलत सासरे, मारुतीच्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, बांधापलीकडच्या कपाशीचे मालक, आणि दोन्ही रानांच्या मधल्या सामाईक विहिरीच्या मोटारीची किल्ली ज्यांच्या खिशात असते ते. हेच किशनराव दसऱ्यापासून पाइपाची कार्बाइड बंदूक घेऊन ह्याच हुप्प्यामागं धावत होते. दिवसाला पंधरावीस बार. आज बंदूक घरी होती आणि हातात उदबत्ती.

"जिथं देव पडला तिथंच समाधी," किशनराव म्हणत होते. "हा आपला रिवाज हाय. वाडवडिलांपासून हाय. तीन दिस सुतक. ह्या रानात चप्पल यायची न्हाई, लोखंड लागायचं न्हाई, हिरव्याला विळा लावायचा न्हाई. आन त्याचं खानदान येईल बघायला, त्यांना कुणी हाकायचं न्हाई. तेराव्याला भंडारा. काय योगीराज?"

योगीराज म्हणजे सविताचा नवरा. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. त्यानं डोलावली.

सविता पुढं झाली. "मामा, तीन दिस विळा न्हाई म्हंजे? आत ऐंशी हजार तोंडं हायत."

"चप्पल काढ आधी," कुणीतरी मागून म्हणालं.

तिनं चप्पल काढली. "काढली. आता सांगा. अळ्याला काय घालू मी तीन दिस?"

"तीन दिस तर हायत, सूनबाई," किशनराव उदबत्ती ओवाळत म्हणाले. "माणूस मेलं तर आपुन तेरा दिस पाळताव."

"माणूस मेलं तर तेरा दिस लेकरांना उपाशी ठेवताव का?"

मागं एकजण हसला आणि लगेच खोकला. किशनरावांनी उदबत्ती मातीत खोचली. "लेकरं आन किडे सारखे केलेस तू. शाबास. योगीराज, बायकोला समजाव. शब्द तू दिलायस."

योगीराजनं समजावलं, पण शेडमध्ये नेऊन, हळू आवाजात, दार लोटून. "अगं, सगळे मोठे लोक समोर. मी न्हाई कसा म्हणू? काका म्हणले, तुमच्या रानाचं भाग्य उजाडलं. समाधी झाली तर कायम नाव राहील."

"कुणाचं नाव?"

"आपल्या रानाचं."

"रानाचं नाव सातबाऱ्यावर हाय. तेवढं बास हाय." तिनं ओल्या पोत्यांखाली ठेवलेल्या फांद्यांवर हात मारला. "हे किती हाय, बगा. आज दुपार आन संध्याकाळ. उद्या सकाळी काय?"

"बगू उद्याचं."

"उद्याचं कोण बगणार? तुमी? का त्यो हार घातलेला?"

योगीराज गप्प. तो गप्प बसला की लोकांना वाटायचं, विचार करतोय. सविताला सोळा वर्षांत कळलं होतं की तो नुसता बसलेला असतो.

दुपारी खड्डा खणला; तेवढ्यापुरतं लोखंड चाललं. मीठ टाकलं, टॉवेल टाकला, वानर ठेवलं. वर दगड रचून शेंदूर लावला, चार बांबू रोवून कापड ताणलं, आणि टाळ सुरू झाले. कुणी सतरंजी आणली, कुणी चहाची किटली. प्रत्येकानं काही ना काही दिलं, हे खरं. सतरंजी भजनानंतर परत जाणार होती. किटलीसुद्धा. परत न येणारं होतं ते फक्त तुतीचं पान.

आणि तीनच्या सुमाराला खानदान आलं. लिंबावरून उतरली ती चौदा वानरं, दोघींच्या पोटाला पिलं. दहा मिनिटं ती बांधावर बसून टाळ ऐकत होती. कुणी दगड मारीना, कुणी बार काढीना. असला दिवस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग एकानं तुतीची फांदी वाकवली.

वानर तुती कसं खातं ते सविता शेडच्या दारातून पाहत होती. फांदीला पंधरा पानं. शेंड्याची दोन कोवळी खायची, फांदी मोडून खाली टाकायची, दुसरी ओढायची. तेरा पानं मातीत. तिची अळी पानाची शीरसुद्धा सोडत नाही. देठ ठेवते, बाकी चाटूनपुसून. ती मनात मोजत गेली: एका वानराच्या एका हिसक्यात दोनशे अळ्यांची दुपार. चौदा वानरं. तास झाला, दीड तास झाला. पहिल्या सहा ओळींच्या नुसत्या काठ्या राहिल्या.

"देव जेवायलेत बघ," टाळकऱ्यांतल्या एका म्हातारीनं हात जोडले.

सविताच्या हातात रिकामं क्रेट होतं. ते तिनं शेडच्या भिंतीवर असं आपटलं की त्याचा कान तुटला. वानरांनी मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा खायला लागली. किशनराव ओरडले, "हाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय ना!"

"हाकायले न्हाई, मामा. क्रेट धुवायलेय."

संध्याकाळचा पाला घालून झाला आणि पोती उचलली तर खाली नुसतं ओलं होतं.

मंगळवारी सकाळी ती विळा घेऊन निघाली. पदर खोचलेला, पाय अनवाणी, कारण चपलेवरून वाद घालायला तिला वेळ नव्हता. समाधीपाशी पाच-सहाजण बसले होते. त्यांत माधवराव गुरुजी होते. झरीच्या शाळेतून निवृत्त झालेले, गावातला शेवटचा शब्द बोलायचा हक्क असलेले. गुरुजी तिला पाहून उठले नाहीत. चष्मा तेवढा वर केला.

"सविता, थांब. रागानं येऊ नकोस. दोन मिनिटं बस."

"बसायला फुरसत न्हाई, गुरुजी. रात्रीपासून उपाशी हायत."

"तेच बोलू. तू शिकलेली आहेस. मला सांग, वानर आणि हा तुझा रेशमाचा पतंग, दोन्ही जीवच. मान्य. पण जीवाजीवांत पायरी असते का नाही? वानर माणसासारखं. त्याला हात आहेत, लेकराला छातीशी धरतं, मेल्यावर त्याची टोळी येऊन बसते. चिरंजीवाचा वंश तो. आणि तुझा पतंग? कीटक. शिवाय तू त्याला पतंग होऊ तरी देतेस का? कोषात असतानाच विकतेस. तिकडं गरम हवेत मारतात, उकळत्या पाण्यात टाकतात. ऐंशी हजार जीव तू पंधरवड्यात मारायला पाठवणार, आणि आज आम्हाला दया शिकवायला आलीस."

बसलेल्यांनी माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्याचं एक असतं: ज्याचं काही जायचं नसतं त्याला तो फार लवकर सुचतो.

सविता गुरुजींच्या पुढ्यात उकिडवी बसली. विळा मांडीवर.

"गुरुजी, तुमी पतंग पाह्यलाय का? रेशमाचा?"

"चित्रात."

"मी पाह्यलाय. पहिल्या बॅचला मी टोपलंभर कोष मुद्दाम ठिवले होते, बगावं म्हणून. बाहेर आला. पांढरा, गुबगुबीत. पंख हायत, पण उडत न्हाई. नुसतं फडफड करीत जागच्या जागी फिरतो. आन त्याला तोंड असून नसल्यासारखं. एक घास खात न्हाई, पानी पीत न्हाई. अंडी घालतो आन चार-पाच दिसात मरतो. म्हंजे त्याला जे काय जेवायचं ते अळी असताना, ह्याच आठ दिसात. त्याच्या जिंदगीचं सगळं जेवण ह्या आठ दिसात. कळलं का? तुमचं वानर आज माझ्या तुतीत जेवलं. उद्या हाकललं तर मामांच्या हरभऱ्यात जाईल, परवा तुमच्या परसात जाईल. त्याला पाय हायत. माझी अळी कुठं जाईल? कप्प्यावरून खाली पडली तर तिला वर चढता येत न्हाई. ती फक्त मान वर करती आन वाट बगती. माझी."

गुरुजी काही बोलणार, तर तिनं हात केला.

"मारते. हो. मारायलाच पाठविते. मी लपवीत न्हाई, तिला देव म्हणत न्हाई, आन म्हणून तिला एक जेवण चुकवीत न्हाई. तुमी ह्याला देव म्हणताव. परवापर्यंत देवाच्या मागं कार्बाइडचे बार काढत होताव. देव जिवंत होता तवर त्याला एक भाकरी कुणी टाकली का? मेल्यावर टॉवेल! कोरा!"

"तोंड सांभाळ," किशनराव आले होते. मागून, चहाचा ग्लास घेऊन. "गुरुजीसंगं बोलायलीस तू."

"गुरुजी इचारायलेत, मी सांगायलेय."

"विळा ठेव खाली."

"न्हाई ठेवत."

किशनरावांनी चहा संपवला. ग्लास सावकाश सतरंजीवर ठेवला. खिशातून विहिरीच्या मोटारीची किल्ली काढली, बोटाभोवती एकदा फिरवली आणि परत खिशात टाकली. "लाव विळा. मी हात धरणार न्हाई. पण मग पाण्याची पाळी मागायला माझ्या दारात येऊ नको. आन कोष काढायला गावातली एक बाई तुझ्या शेडात पाय टाकते का बगू."

तुतीला आठवड्याला पाणी लागतं. कोष काढायला बारा बाया लागतात. सवितानं हे दोन्ही आकडे मनात मांडले आणि विळा हातात तसाच धरून ती उभी राहिली. कापला तर ही बॅच वाचते, पुढची तुती वाळते. नाही कापला तर तुती वाचते, ही बॅच मरते. हे त्रैराशिक सोडवायला गुरुजींनी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

ती परत फिरली. मागून कुणीतरी म्हणालं, "समजली बिचारी." त्या 'बिचारी'वर तिचं डोकं जितकं तापलं तितकं किल्लीवर तापलं नव्हतं.

शेडमध्ये पाऊल टाकलं तर ऐंशी हजार माना वर. खाताना अळ्यांचा बारीक चरचर आवाज असतो, तो नव्हता. पंखा बंद, ऊन चढलेलं, आत कोंदट वास. मागच्या रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यावरच्या अळ्या मान वर करायच्याही थांबल्या होत्या. सवितानं एक उचलून तळहातावर घेतली. बोटाला लागली ती मऊ. अशी मऊ अळी म्हणजे रोग, हे तिला माहीत होतं.

निदान पंखा तरी लागावा म्हणून तिनं लाईनमन बालाजीला फोन लावला. बालाजी वालूरचा, ह्या गावचा ना सोयरा ना शेजारी. तिनं आधी त्याला झाडलं, मग विचारलं, "काल सकाळी येऊन गेलाव तर फ्यूज टाकून का न्हाई गेलाव?"

"वहिनी, काल नुसतं वानर काढलं. लय जड होतं. बांबूनं ढकललं तवा खाली पडलं तुमच्या काकाच्या पऱ्हाटीत. धा-बारा झाडं मोडली. काका इतके तापले माझ्यावर की मी म्हणलो नको बाबा, फ्यूज नंतर टाकू."

सवितानं फोन कानाशी घट्ट धरला. "कुठं पडलं?"

"पऱ्हाटीत. काकाच्या. का ओ?"

"काय न्हाई. फ्यूज टाकायला या."

"संध्याकाळी येतो."

"आत्ता या. न्हाईतर मी तुमच्या सायबाला फोन लावते, दोन दिस झाले लाईट न्हाई म्हणून."

बालाजी पाऊण तासात आला. डीपी बांधावर, समाधीपासून दहा पावलांवर. तोवर जेवणं उरकून मंडळी पुन्हा बसली होती, पंचवीस-तीस माणूस. टाळ थांबलेले. सवितानं ही वेळ नेमकी साधली, हे मान्य करायला पाहिजे. रागातही तिचं गणित चुकत नव्हतं. बालाजीनं मोटारसायकल लावली, समाधी पाहिली, गोंधळला, चप्पल काढून हात जोडले. सविता त्याच्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"बालाजी भाऊ, काल वानर खाली पाडलं ते कुठं पडलं, जरा दाखवा."

किशनराव उठले. "त्याला काम करू दे. खामखा..."

पण बालाजीचा हात आधीच वर गेला होता. बांधापलीकडं, कपाशीकडं. तिथं दहा-बारा झाडं आडवी झालेली होती, फुटलेली बोंडं मातीत मिसळलेली. कालपासून ती तशीच होती. कुणी पाहिली नव्हती असं नाही. कुणाला पाहायची नव्हती.

"तिथं पडलं," बालाजी म्हणाला. "मंग इकडं कसं आणलं? म्हंजे, समाधी इकडं बरी म्हणून का?"

टाळकऱ्यांतले तात्याराव, वयानं सगळ्यांत मोठे, डोळे बारीक करून कपाशीकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "किशन, जिथं देव पडला तिथंच समाधी म्हणलास ना तू?"

"तात्या, दहा पावलं इकडं काय अन तिकडं काय. देवाला बांध असतो का?"

"देवाला नसतो," सविता म्हणाली. "मग तिकडंच ठिवायचा होता! तुमचा कापूस फुटलाय, उद्या वेचायला झरीच्या बाया सांगितल्यात तुमी. म्हणून देवाला उचलून माझ्या तुतीत टाकला. आन वर मला रिवाज शिकवताव! पुण्य सगळ्या गावाचं, आन पाला माझ्या एकटीचा! हा कुठला इन्साफ हाय, मामा?"

"मी एकट्यानं उचललं न्हाई," किशनराव फटकन म्हणाले. माणूस पकडला गेला की पहिल्यांदा भागीदार काढतो. "तुझ्या नवऱ्यानं मागचे पाय धरले होते. इचार त्याला."

सवितानं वळून पाहिलं. योगीराज कापडाच्या सावलीत सतरंजीच्या कडेला बसला होता. तो जमिनीकडं पाहत होता.

"धरले होते?"

त्यानं मान डोलावली.

त्या क्षणी सविताला जे काही वाटलं ते रागापलीकडचं होतं. पण रागापलीकडं जायला तिला सवड नव्हती. आत अळ्या होत्या. ती तात्यारावांकडं वळली. "तात्या, तुमीच सांगा. देव पडला तिथं सुतक असेल तर ते ह्या बांधाच्या त्या अंगाला बी लागतं का न्हाई?"

तात्यारावांनी बांधाच्या दोन्ही अंगांना पाहिलं. "लागतं तर. पडला तिथं बी, निजला तिथं बी. दोन्ही रानांना सुतक. विळा न्हाई, वेचणी न्हाई, फवारणी न्हाई. आज आन उद्या."

किशनरावांनी कपाशीकडं पाहिलं. पांढरं फटफटीत फुटलेलं रान. वर आभाळात सकाळपासून ढग जमायला लागले होते. फुटल्या कापसावर पाऊस पडला तर काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी खिशातलं पंचांग काढलं, चष्मा खाली केला, पानं उलटली, बोट फिरवलं. ते बोट कुठं थांबणार हे तिथल्या चहाच्या किटलीलासुद्धा ठाऊक होतं.

"शास्त्रात असं आहे," गुरुजी म्हणाले, "की पशूचं सुतक स्नानानं फिटतं. त्रिरात्र हे मनुष्याला. आपण भावनेच्या भरात जरा जास्तच धरलं. आज सकाळी सगळ्यांची स्नानं झालेली आहेत."

"म्हंजे फिटलं?" किशनरावांनी विचारलं.

"सकाळीच."

सकाळीच फिटलं होतं म्हणे. म्हणजे सविताला बिचारी म्हणाले तेव्हा, किल्ली बोटाभोवती फिरली तेव्हा, सुतक उरलेलंच नव्हतं. तिनं हा हिशेब तोंडानं केला नाही. ती तुतीत शिरली आणि विळा चालवायला लागली. फांदीवर बसणारा घाव असा होता की पंचवीस माणसांतल्या एकालाही तिच्याजवळ जावंसं वाटलं नाही. बालाजीनं मुकाट्यानं फ्यूज टाकला आणि मोटारसायकल चालू न करताच ढकलत लांब नेली.

योगीराज भारे उचलायला आला. तिनं अडवलं नाही आणि बोललीही नाही. त्यानं दोन भारे नेले, तिनं पाच.

पाला पडल्यावर वरच्या कप्प्यांवर चरचर सुरू झाली. आधी तुरळक, मग सगळीकडून. सविता एकेका कप्प्यावर कान देत खाली आली. मागच्या रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा मुका होता. तिनं पाला उचलून पाहिला, पुन्हा घातला, वाट पाहिली. पानांवर एक दात उमटला नाही. बुधवारी सकाळी त्या काळ्या पडल्या, गुरुवारी पाणी सुटलं. आठ हजार. रोग वर चढू नये म्हणून तिनं तो कप्पा एकटीनं खरवडला, घमेल्यांत भरला आणि योगीराजच्या हातात फावडं दिलं.

"कुठं खणू?" त्यानं विचारलं. मंगळवारनंतर त्याचं हे पहिलं वाक्य.

"शेडापासून लांब. खोल खणा. चुना टाकायचाय."

तो खणत राहिला. ती उभी राहून पाहत होती. अर्ध्यात थांबून तो म्हणाला, "सविते, काका म्हणले धर, मी धरलं. मला वाटलं दहा पावलांनी काय होतंय."

"हे झालं," तिनं घमेलं खड्ड्यात उपडं केलं. "बगा. नीट बगा. मोजा वाटलं तर."

त्यानं पाहिलं. पहिल्यांदाच तो नुसता बसलेला नव्हता, खरंच पाहत होता. पण सविताचा राग एवढ्यानं उतरणाऱ्यातला नव्हता, आणि तो उतरावा अशी तिची इच्छाही नव्हती. उरलेल्या अळ्या दोन दिवसांत कोष विणायला चढल्या. कोष झाले, पण हाताला हलके लागले.

रविवारी दुपारी धुरपताबाई आल्या. किशनरावांची बायको. कमरेवर पाटी, पाटीत घरोघरचं पीठ, डाळ, गूळ. तेराव्याचा भंडारा आठवड्यावर आलेला. किशनरावांचा कापूस तोवर वेचून घरात पडला होता, पाऊस आलाच नव्हता, आणि भंडाऱ्याचा उत्साह दुप्पट झाला होता. धुरपताबाई ओट्यावर टेकल्या. त्यांना झालेलं ठाऊक होतं आणि ते ठाऊक नसल्यासारखं बसायचंही ठाऊक होतं.

"सविता, दोन शेर डाळ दे गं. आन तेराव्याला सकाळीच ये पोळ्या लाटायला. समाधी तुमच्या रानात, तुझाच मान पहिला. ह्येंनी मुद्दाम सांगितलंय. झालं गेलं सोडून द्यावं माणसानं."

सविता दारात उभी होती. डाळीचा डबा तिच्या मागच्या फळीवर, दोन हातांवर होता.

"मामी, डाळ हाय. पण देता येत न्हाई."

"का गं?"

"आमच्या घरात सुतक हाय."

धुरपताबाईंचा हात पाटीच्या काठावर थांबला. "कुणाचं? कोण गेलं?"

"आठ हजार गेले. मंगळवारी. तेरा दिस पाळायलाव आमी. सुतकाच्या घरचा शिधा देवाच्या पंगतीला चालतो का, मामी? माझ्या हातची पोळी चालते का?"

"अगं, किड्याचं कसलं सुतक..."

"गुरुजीला इचारा. पंचांग त्यांच्याजवळ हाय. पण आमच्या घरचं आमी ठरवलंय, आन ह्येंनीबी मान डोलावलीय."

आत योगीराज बसला होता. धुरपताबाईंनी दारातून वाकून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान डोलावली. शिवाय, ह्या वेळी तोंडानंही म्हणाला, "सुतक हाय, काकू."

धुरपताबाई उठल्या. पाटी कमरेवर घेतली, एक पाऊल मागं सरकल्या, आणि सुतकाच्या ओट्यावर टेकलेलं लुगडं नकळत झटकलं.